एमआरपीच्या आतला धंदा

पहाटे ४.४५

आज शुक्रवार. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी गुरुवारची, आणि कारखाने बंद म्हणून महावितरणही दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतं. त्यामुळे शुक्रवारी पहाटे मोबाइल उघडला की भोसरीकडच्या माझ्या व्हेंडिंग मशीनांसमोर लाल ठिपके दिसणार, हे ठरलेलं. लाइट गेली की मशीन बंद, मशीनमधलं सिम कार्डही बंद. लाइट आल्यावर बहुतेक ठिपके आपोआप हिरवे होतात. एखादा हटून बसतो. आज तो एका कास्टिंगच्या शेडमधला आहे.

मी चिंचवडला राहते. खाऊ आणि थंड पेयांची व्हेंडिंग मशीन कारखान्यांत, एका रुग्णालयात आणि काही ऑफिसांत लावून चालवते. लोकांना वाटतं, ही बाई उठल्याउठल्या कालचा गल्ला बघत असेल. गल्ला झाला तेवढा झाला, बघून वाढत नाही. मी बघते ते रिकामे स्लॉट. कुठल्या मशीनमध्ये कुठली रांग संपली, कुठली अर्ध्यावर आली, कुठली सोमवारपासून हललेलीच नाही. त्यावरून ठरवते की आज कुठे जायचं नाही. या धंद्यातला नफा मोठ्या प्रमाणात या एका निर्णयात आहे, आणि तो का, हे आधी सांगायला हवं.

आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी छापलेली असते. २०११ च्या वैधमापनशास्त्र नियमांनुसार त्याहून एक रुपया जास्त घेता येत नाही, मग ते दुकान असो, थिएटर असो की मशीन. मोबाइलवर ‘मशीन लावा, झोपेत कमवा’ म्हणणारे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक अमेरिकेतले. तिथला माणूस आपल्या मशीनमधल्या बाटलीचा भाव स्वतः ठरवतो. जागा लांबची असेल तर वाढवतो, कोपऱ्यावर दुकान असेल तर कमी करतो. माझा भाव कंपनीने पुड्यावर छापून दिलाय. वरून बंद. मग पैसे मिळवायचे ते खालून: खरेदी स्वस्त, फेऱ्या कमी, नासाडी जवळजवळ शून्य. चहा-कॉफीचं मशीन तेवढं वेगळं. कपातल्या चहावर एमआरपी नसते, तिथे भाव माझा. पण ते रोज धुवावं लागतं, नाहीतर प्रीमिक्सची पावडर नळीत चिकटून दगड होते. म्हणून ती थोडीच ठेवलीत.

सकाळी ६.००

गोदाम म्हणजे एक शटरचा गाळा. मदतनीस मुलगा माझ्या आधी येतो. तो जालन्याकडचा, मला ताई म्हणतो आणि माझ्याहून जास्त शिस्तीचा आहे. आम्ही माल गाडीत सुटा टाकत नाही. प्रत्येक मशीनचा एक क्रेट, त्यावर मशीनचं नाव, आत यादीप्रमाणे मोजून भरलेला माल. साइटवर मशीन उघडून मग ‘काय काय लागेल बरं’ असं करत गाडीकडे हेलपाटे घालणारे मी पाहिलेत. एका मशीनला पाऊण तास घालवतात. आमचं काम वीस मिनिटांत आटोपतं.

क्रेट भरताना तो मार्करने खोक्यावर तारीख टाकतो. जुना माल आधी जाणार. वेफर्सच्या पुड्याचं आयुष्य तसंही काही महिन्यांचंच, त्यातले काही आठवडे कंपनीच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात गेलेले असतात. दुकानदार जवळच्या तारखेचा पुडा गिऱ्हाइकाला ‘घ्या हो, ताजाच आहे’ म्हणून खपवेल. मशीनला तोंड नाही. काचेतून तारीख दिसत नाही म्हणून कोणी जुना माल खपवत असेल, तर त्याने एकदा भोसरीच्या शेडमधल्या माणसाला मऊ पडलेले वेफर्स देऊन बघावेत.

सकाळी ७.४०

भोसरी एमआयडीसी. पहिली पाळी आत गेलीय. गेटवर आवक रजिस्टर, चलनाची प्रत, पायात सेफ्टी शूज. सिक्युरिटीचे काका रजिस्टर पुढे सरकवत म्हणाले, “ताई, रात्री लाइट आली तरी तुमचं मशीन काही उठलं नाही. पोरं बटनं दाबून दाबून गेली.”

“तुम्ही प्लग काढून परत लावला होता का, काका?”

“हात नाही लावला. उगाच काय झालं तर माझ्या नावावर.”

बरोबरच आहे त्यांचं. मशीनमागचा बोर्ड बघितला तर मेन स्विच पडलेला. वर केला. कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं थांबतो, आणि नवखा माणूस नेमका तेवढ्यात पुन्हा बंद-चालू करून त्याची वाट लावतो. आम्ही तोवर मागची जाळी काढून कंडेन्सरवरची धूळ ब्रशने झाडली. कास्टिंगच्या शेडमधली धूळ साधी नसते, बारीक काळी वाळू असते. ती बसली की मशीन दिवसभर धापा टाकतं, वीज खातं, आणि बाटल्या तरीही कोमट.

एप्रिल-मे महिन्यांत या भागातल्या मशीनमधून चॉकलेटं मी बुधवारी संध्याकाळीच काढून घेते आणि तिथे चिक्की लावते. गुरुवारी लाइट गेली की पत्र्याच्या शेडमध्ये बंद मशीनची पेटी तापते. चॉकलेट वितळतं, रात्री पुन्हा घट्ट होतं, आणि आतलं कोको बटर वर येऊन त्यावर पांढरी झाक धरते. खायला त्यात काही वाईट नाही. पण कामगार पुडा फोडतो, पांढरं बघतो आणि बुरशी म्हणून फोटो काढतो. तो फोटो दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या शेडमध्ये फिरलेला असतो. आज आतलं तापमान खाली आल्यावर चॉकलेटं परत लावली.

भरण्याचं काम सोपं दिसतं, तसं नाही. प्रत्येक रांगेत तारेची एक लांब वळी असते, स्पायरल. पैसे आले की मोटर तिला एक पूर्ण वेढा देते आणि सगळ्यात पुढचा पुडा खाली पडतो. तारेचं टोक घड्याळात सहा वाजता काटा असतो तिथे थांबायला हवं. पुडा हलका आणि उंच असला तर ते टोक जरासं पुढे फिरवून ठेवायचं, म्हणजे पुडा लवकर सुटतो. पुडा वेढ्यांमधल्या फटीपेक्षा जाड असेल तर तो अडणारच, कितीही कोंबा. मदतनीस मुलगा भरून झाल्यावर प्रत्येक रांगेतला पहिला पुडा बोटाने हलवून बघतो. पुडा सैल डोलला पाहिजे. पुड्यांमध्ये हवा ठेवण्यासाठी एखादा पुडा कमी भरावा लागला तरी चालेल. काचेमागे लटकलेला, पैसे दिलेला पुडा ही या धंद्यातली सगळ्यात वाईट जाहिरात.

आणखी एक गोष्ट, जी मशीन विकणारे सांगत नाहीत. मशीन पुडा ओळखत नाही, स्लॉट ओळखतं, आणि एका स्लॉटला एकच किंमत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. बिस्किटं आणि चॉकलेटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, नमकीन १२ वरून ५ वर. कंपन्यांनी कुठे एमआरपी उतरवली, कुठे किंमत तीच ठेवून वजन वाढवलं. दुकानदाराला पुढे जुन्या किमतीचा, मागे नव्या किमतीचा पुडा ठेवता येतो. तो विकताना छापील किंमत वाचतो. मला तसं ठेवता येत नव्हतं. पुढचे चार पुडे जुने आणि मागचे पाच नवे असते तर पाचव्या गिऱ्हाइकाला मी एमआरपीपेक्षा महाग विकलं असतं, कायदा मोडून. त्या दिवसांत आम्ही प्रत्येक रांग पूर्ण रिकामी केल्याशिवाय नवा माल लावला नाही. कोल्ड्रिंक्सना मात्र हात लावावा लागला नाही. तिथे २८ टक्के कर आणि १२ टक्के सेस होता, त्याचा सरळ ४० टक्के कर झाला.

सकाळी १०.१५

गाडीतच वडापाव. तेवढ्यात फोन.

“ताई, वीस रुपये गेले आणि थम्स अप पडली नाही.”

“कुठल्या कंपनीतून बोलताय, दादा? स्क्रीनवरचा कोड स्कॅन करून किती वेळ झाला?”

“पाच मिनिटं. दोनदा हाणलं पण मशीनला.”

मशीनला हाणू नका, असं मी आता म्हणत नाही. पैसे आधी परत पाठवते, कारण नंतर शोधते. मशीन दर वेळी नवा क्यूआर कोड दाखवतं. पैसे आल्याचा निरोप ठरावीक सेकंदांत पोहोचला तरच मोटर फिरते. आत इन्फ्रारेड सेन्सर असतो. वस्तू पडल्याचं त्याला कळलं नाही तर पैसे आपोआप उलटे जातात. पण पत्र्याच्या शेडमध्ये रेंज अर्धवट. निरोप उशिरा येतो, मशीन तोवर कंटाळून व्यवहार सोडून देतं, आणि पैसे मधेच अडकतात. त्यात माझा दोष नाही हे मी वीस मिनिटं समजावून सांगू शकते. तेवढ्या वेळात दीडशे माणसांच्या शेडमध्ये ‘मशीन पैसे खातं’ हे पसरलेलं असेल. वीस रुपये स्वस्त पडतात.

सकाळी ११.३०

पिंपरी कॅम्प. घाऊक बाजारातली ही गल्ली म्हणजे माझा खरा काउंटर. मशीनमध्ये मी विकते, पण कमावते इथे.

“शेठ, मागच्या वेळी बारावर एक होती. आज स्कीम काय?”

“आज चोवीसवर तीन देतो ना मॅडम. पण पन्नास आउटर उचला.”

“तारीख दाखवा आधी.”

तारीख बघितली. पुढच्या महिन्याची. स्कीम इतकी गोड का, ते कळलं. घेतली नाही. फुकट मिळालेले तीन पुडे आणि फेकावे लागणारे दहा, हा हिशेब कॅम्पातल्या शेठला माझ्याआधी येतो.

मोठ्या ब्रँडच्या वेफर्स-बिस्किटांवर आणि कोल्ड्रिंकवर मार्जिन बेताचंच. स्थानिक कंपनीच्या पाण्याच्या बाटलीवर आणि राजगिऱ्याच्या, शेंगदाण्याच्या चिक्कीवर खूप बरं. सगळं मिळून सरासरी अठरा टक्के धरा, आणि एक वस्तू वीस रुपयांची. दिवसाला साठ वस्तू विकणारं मशीन, महिन्याचे सव्वीस दिवस. विक्री ३१,२०० रुपये. त्यातले हाती उरतात ५,६१६. जागेला पाच टक्के द्यायचे, १,५६०. सिम, सॉफ्टवेअर, पेमेंट मिळून सहाशे धरू. मशीन दोन लाख चाळीस हजारांचं आणि आठ वर्षं चाललं असं माना, म्हणजे महिन्याला अडीच हजार त्याची झीज. राहिले ९५६ रुपये. यातून मदतनीस मुलाचा पगार, गाडीचं डिझेल, गाळ्याचं भाडं आणि नासाडी निघायची आहे. निघत नाही. तेच मशीन दिवसाला दीडशे वस्तू विकत असेल तर याच हिशेबाने सात हजार चाळीस रुपये उरतात, आणि फेऱ्या फारशा वाढत नाहीत. ऐंशी-नव्वदच्या खाली जागा परवडत नाही, असं माझं मत बनलंय.

दुपारी १.३०

चाकणला एका कंपनीत एचआरच्या साहेबांशी बैठक. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकसाठी वेळ धरूनच निघावं लागतं. तो वेळ धरूनही कमी पडतो.

कारखान्यांच्या जगात कँटीनचा कायदा माझा नकाशा ठरवतो. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे अडीचशेहून जास्त कामगार असतील तर कँटीन सक्तीचं होतं. म्हणून आम्ही मशीनवाले त्याच्या आतल्या कारखान्यांमागे असायचो. ज्यांना कँटीन लागत नाही पण भूक लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली आणि ही मर्यादा शंभर कामगारांवर आली, कंत्राटी धरून. वरवर बघता माझ्या पोटावर पाय. पण कँटीन रात्री दोनला पूर्ण चालत नाही. मोठा ठेकेदारसुद्धा तिसऱ्या पाळीला चहा-पोहे ठेवून निघून जातो. माझी सगळ्यात चांगली विक्री एक ते तीनमधली आहे. कँटीनवाल्याशी भांडण्यापेक्षा त्याने सोडलेली रात्र घ्यावी.

साहेब म्हणाले, “आम्हाला हेल्दी ऑप्शन हवेत. मखाना, बेक्ड चिप्स, शुगर-फ्री.”

“ठेवते की सर. रात्रपाळीला किती माणसं असतात?”

“मखान्याची एक पूर्ण रांग हवी.”

“एक रांग नक्की. रात्रपाळीला?”

बैठकीत मखाना मागतात, आणि रात्री दोनला शेव संपते. मखान्याची रांग मी डोळ्यांच्या उंचीवर लावते, साहेबांना फेरी मारताना दिसावी म्हणून. ती सावकाश विकली जाते, पण तिच्यामुळे बाकीच्या रांगा टिकतात. रात्रीचा राजा म्हणजे स्टिंगची लाल बाटली. मला ते पेय आवडत नाही, माझ्या घरात येत नाही. लहान मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी नाही, असं त्यावर लिहिलेलंच असतं. पण बारा तास मशीनवर उभा राहणारा मोठा माणूस ते मागतो. शाळांची गोष्ट वेगळी. जास्त साखर, मीठ, चरबीचा माल शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या आत विकायचा नाही, असा एफएसएसएआयचा २०२० चा नियम आहे. शाळेने बोलावलं तर मी जातच नाही. तो माल काढून टाकला तर मशीनमध्ये पाणी आणि चिक्की राहते, आणि मे महिन्यात शाळा बंद.

बैठकीत मी चार गोष्टी लिहून घेतल्या: रात्रीची माणसं, गेटपासून टपरी किती लांब, लाइटबिल कोणाचं, आणि करार मोडायचा तर किती महिन्यांची नोटीस. टपरी गेटसमोरच होती. साहेब म्हणाले, रात्री गेटबाहेर सोडत नाहीत. हे एक वाक्य ऐकायला चाकणपर्यंत आले होते.

दुपारी ४.३०

रुग्णालय. इथलं मशीन बाकी सगळ्यांपेक्षा जुनं, आणि मुद्दाम जुनं ठेवलेलं, कारण त्याला नोटा आणि नाणी घेता येतात. कारखान्यातला मुलगा यूपीआय करतो. इथे येणारे लोक गावाकडून रात्री ॲम्ब्युलन्समागून आलेले, मोबाइलची बॅटरी संपलेली, हातात चुरगळलेली दहाची नोट. काल एक आजी उभ्या होत्या. त्यांची नोट मशीन परत परत बाहेर काढत होतं. वॉर्डबॉयने नोट घेतली, पँटवर घासून सरळ केली आणि आत सरकवली. गेली.

आज नोटेच्या फटीतले रोलर मऊ कापडाने पुसले. त्यांच्यावर हाताचा घाम आणि तेल बसतं, मग चांगली नोटही घसरते. नाण्यांचा डबा उघडला. दहाच्या नाण्यावरून पूर्वी इथे भांडणं व्हायची. दुकानदार घेत नसत, म्हणून लोकही ‘हे खोटं’ म्हणायचे. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघालेत आणि सगळे चालतात. माझ्या मशीनला मात्र प्रत्येक नमुना शिकवावा लागला. मशीनने एक नमुना घेतला आणि दुसरा नाकारला तर रात्री तीनला पाण्याची बाटली मागणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवून भागत नाही.

रोकड मोजली, पिशवीला सील, पिशवीवर मशीनमधल्या छापील आकड्याची चिठ्ठी. फरक आला तर त्याच दिवशी विचारायचं, आठवड्याने नाही. मदतनीस मुलावर माझा विश्वास आहे. तो टिकावा म्हणूनच चिठ्ठी आहे.

संध्याकाळी ७.००

घरी. स्वयंपाक नवरा करतो, हिशेब मी. आज एक निर्णय घेतला. हिंजवडीतल्या ऑफिसातलं मशीन हलवायचं. जागा चकचकीत, एसी, लोक सभ्य, मशीनला कोणी हाणत नाही. पण आठवड्यातले दोन-तीन दिवसच माणसं येतात, उरलेले दिवस घरून काम. विक्री चाळिशीच्या वर जात नाही. मशीनचं वजन अडीचशे किलोच्या वर, हायड्रॉलिक ट्रॉली आणि चार माणसं लागतात, टेम्पोचं भाडं वेगळं. खर्च होतो म्हणून लोक मशीन चुकीच्या जागी वर्षभर ठेवतात. मी तिमाहीपलीकडे थांबत नाही. चाकणचा करार सोमवारपर्यंत हातात आला तर हेच मशीन तिकडे जाईल.

रात्री ८.४५

फोन. लांबच्या नात्यातले काका, नुकतेच निवृत्त झालेले. “अगं, फंडाचे पैसे आलेत. ऐकलंय यात बसून मिळतात. चार मशीन घ्यावीत म्हणतो. विकणारा म्हणतो जागापण तोच शोधून देणार.”

“काका, जागेचा करार कोणाच्या नावावर होणार?”

“कंपनीच्या. म्हणजे त्यांच्या.”

“मग उद्या त्यांनी मशीन हलवा म्हटलं तर तुम्ही कुठे न्याल?”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मी त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. मशीन घ्यायचं तर घ्या, धंदा चांगला आहे, माझं घर त्यावर चालतंय. पण आधी ज्या जागेत लावणार तिचा करार तुमच्या नावाने करून घ्या, एफएसएसएआयचा परवाना काढा, आणि एका रात्री एक ते तीन त्या जागेत स्वतः उभं राहून माणसं मोजा. शंभराच्या खाली भरली तर मशीनच्या पावतीवर सही करू नका.